मिठाचा शेक

माझ्या भावाचा डावा हात वाचला तो बालवाडीच्या बाईंमुळे. आम्ही अमेरिकेत, सांता क्लाराला आलो तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि मी दहा. पहिल्याच पालक-भेटीत त्या बाईंनी सांगितलं, मुलगा डावखुरा आहे, त्याचा हात बदलायला जाऊ नका. आईला तेव्हा इंग्रजी बोलायची धास्ती वाटायची, म्हणून तिने मला सोबत नेलं होतं. ते वाक्य मीच मराठीत करून तिला सांगितलं. तिने लगेच मान डोलावली. अमेरिकेतल्या शाळेने सांगितलं म्हणजे पाळायचंच, असं तिचं त्या दिवसांत होतं.

माझा हात नाशिकलाच बदलून झाला होता. मीही डावरीच होते. इंग्रजी शाळेतल्या बाईंनी पेन्सिल उजव्या हातात दिली, घरी आईने ताटाकडे जाणारा डावा हात चापट मारून मागे घेतला, आणि पाच वर्षांची होईपर्यंत मी उजवी झाले. त्याचं कोणाला वाईट वाटल्याचं आठवत नाही. मलाही वाटलं नव्हतं. वाटलं ते त्या छोट्या खुर्चीत बसून आईला मराठीत सांगताना. न बदलताही चालत होतं तर.

तीन गोष्टी मात्र आईने त्याच्या बाबतीतही सोडल्या नाहीत. जेवायचं उजव्या हाताने, प्रसाद घ्यायचा उजव्या हाताने, कोणाला काही द्यायचं ते उजव्या हाताने. बाकी लिहिणं, दात घासणं, कुलूप उघडणं, बॉल फेकणं, काय ते डाव्याने कर. त्याने हे इतकं अंगी बाणवलं की शाळेत मित्रांबरोबर जेवतानासुद्धा काटा-चमचा त्याच्या उजव्याच हातात असायचा.

बेसबॉलमध्ये डावखुऱ्या पिचरला, म्हणजे बॉल फेकणाऱ्याला, काय किंमत असते हे आम्हाला पुढे कळलं. बॅट्समनला रोज उजव्या हाताचे पिचर बघायची सवय असते. डाव्या बाजूने येणारा बॉल त्याला उशिरा कळतो. म्हणून क्लब डावखुऱ्या पोराला थोडं जास्त सांभाळून घेतात, जास्त वाट बघतात. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी आमच्या घरी क्लबांची अनोळखी माणसं यायला लागली. बाबा त्यांना चहा द्यायचे आणि आधी पदवी का नको, असं प्रत्येकाला विचारायचे. आई आतून म्हणायची, "अहो, त्यांना नाही कळत तुमचं."

ज्या जूनमध्ये एका मोठ्या क्लबने त्याला ड्राफ्टमध्ये निवडलं, त्याच महिन्यात माझी कंपनी बंद पडली. नोकरीला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. घरात पेढे आणले गेले ते एकाच बातमीचे, हे उघड आहे.

मोठा क्लब म्हणजे तिथे लगेच खेळायचं असं नसतं. आधी मायनर लीगची शिडी चढावी लागते. पहिला उन्हाळा त्याने सगळ्यात खालच्या पायरीवर, ॲरिझोनाच्या वाळवंटात काढला. संक्रांतीच्या कार्यक्रमात एका काकांनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, आता कुठे?"

"सिंगल-ए, काका."

"सिंगल-ए? अरे, ही लीग आहे की बॅटरी?"

"त्याच्यावर डबल-ए, मग ट्रिपल-ए, आणि मग मेजर."

"बाप रे! मग इंजिनिअरिंग बरं की. चार वर्षांत सुटतो माणूस."

सगळे हसले. भाऊही हसला. काकू म्हणाल्या, "क्रिकेट असतं तर आम्ही बघायला तरी आलो असतो." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "आणि तुझं काय चाललंय?" मी तिळगूळ वाटत होते. मी म्हटलं, "बघतेय." त्या वर्षी हे उत्तर मी फार लोकांना दिलं.

मे महिन्यात तो फोनवर म्हणाला की वजन नऊ पौंड उतरलंय. पीनट बटर आणि ब्रेड, ब्रेड आणि पीनट बटर. आईने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या निर्णय घेतला.

"ती जाईल."

"कोण ती?" बाबा म्हणाले.

"ही. तशीही घरीच आहे. अर्ज काय, तिकडूनही करता येतात."

"अगं, तिला विचार तरी."

"विचारतेय ना. जाशील ना गं?"

माझं जाणं मी बोलायच्या आधी ठरलेलं असायचं. त्यालाच मी होकार म्हणायची. चार दिवसांनी मी प्रेशर कुकर, पोळीचा तवा, गोडा मसाला आणि मेतकुटाची बरणी घेऊन मक्याच्या शेतांमधल्या एका लहान गावात उतरले. बाकीचे खेळाडू गावातल्या कुटुंबांकडे राहत होते. आम्ही एका लाँड्रीच्या वर दोन खोल्या घेतल्या. खालची मशिनं चालू असली की आमच्या कपाटातली भांडी हलत.

स्टेडियम लहान होतं. खेळाडूंच्या बायका आणि मैत्रिणी एका रांगेत बसायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला सरकून जागा दिली आणि विचारलं, तू त्याची कोण? बहीण, म्हटलं. स्वयंपाक करायला आलीये, हे कळल्यावर त्यांना ते फार गोड वाटलं. "सो स्वीट!" एकजण म्हणाली. "माझा भाऊ मेला तरी मी त्याला सँडविच करून देणार नाही." सगळ्या हसल्या. दुसऱ्या मॅचपासून मी होम प्लेटच्या, म्हणजे बॅट्समन उभा राहतो त्या जागेच्या मागे, जाळीजवळ, खाली बसायला लागले. तिथे ज्यांची पाळी नसायची ते पिचर वेग मोजायची गन घेऊन बसायचे आणि प्रत्येक बॉलची नोंद करायचे. त्यांना माझ्याशी बोलायचं नव्हतं. ते मला बरं होतं.

मीही एक वही केली. मी शिकले होते आकडेमोडच, आणि दिवसभर करायला दुसरं काही नव्हतं. भावाची पाळी असली की मी प्रत्येक बॉल लिहायची: कुठला, कुठे पडला, काय झालं. आणखी एक रकाना मी माझ्यासाठी आखला होता. समोरच्या भिंतीवर एका बँकेची दोन ओळींची जाहिरात होती. माझ्या जागेवरून पाहिलं की बॉल सुटताना त्याचं कोपर त्या जाहिरातीच्या वरच्या ओळीपाशी यायचं. वरची असेल तर 'व'. खालची असेल तर 'ख'. मे-जूनची पानं 'व'ने भरलेली आहेत.

तो छान खेळत होता. हे लिहायलाच हवं, कारण नंतर घरी कोणी ते बोललंच नाही. त्याचा एक बॉल होता, हळू येणारा, बॅट्समनच्या पायाशी येऊन बुडायचा. मोठमोठी पोरं बॅट फिरवून स्वतःभोवती गोल फिरायची. त्या वेळी भाऊ हसायचा नाही. टोपी नीट करायचा आणि पुढचा बॉल मागायचा. जुलै लागला तेव्हा कोचने त्याला सांगितलं की ऑगस्टअखेर एका डावखुऱ्याला वर, डबल-एला नेणार आहेत. डावखुरे दोनच उरले होते, हा आणि टेक्ससचा एक पोरगा.

मग तो रविवार. दुपारची मॅच संपली होती. मी भाजीच्या पिशव्या घेऊन जिन्यात त्याच्या मागे उभी होते. त्याने खिशातून किल्ली काढली, कुलपात घालायला गेला, चुकला, पुन्हा घातली. किल्ली उजव्या हातात होती.

"उजव्या हाताने?" मी म्हटलं.

"सो?"

"तू कुलूप डाव्या हाताने उघडतोस."

"ताई, तू काय बघत बसतेस यार, सारखी! क्रीपी आहे हे."

आत आल्यावर मात्र तो टेबलाशी बसला आणि डावं कोपर मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिला. म्हणाला, आतल्या बाजूला दुखतं. बॉल सोडताना, आणि काही पिळताना. नळ, किल्ली, बाटलीचं झाकण.

"कधीपासून?"

"आय डोन्ट नो. दोन आठवडे?"

"ट्रेनरला सांग. दुखापती बघायलाच आहे ना तो?"

"सांगितलं की झालं. जखमींच्या यादीत टाकतात, तू नुसता बसून राहतोस, आणि टेक्ससवाला वर जातो. संपलं. पुढच्या वर्षी नवा लेफ्टी येतो ड्राफ्टमधून."

"आणि नाही सांगितलं तर?"

"सहा आठवडे, ताई. फक्त सहा. एकदा वर गेलो की सांगतो. तिथले डॉक्टरही चांगले असतात." मग तो हसला. "आणि इथल्या ट्रेनरला कळणारच नाही. माहितीये तो कसं पकडतो? मॅचआधी पिचरांच्या टेबलावर जेवायला बसतो आणि काटा तोंडाकडे कोण कसा नेतो ते बघतो. मागच्या महिन्यात एक लेफ्टी तसाच सापडला. वाटाणे खाताना!" त्याने उजवा हात वर करून दाखवला. "मी याने जेवतो. थँक यू, आई."

मी भाजी फ्रीजमध्ये ठेवत होते. तो म्हणाला, "शपथ घे, कोणाला सांगणार नाहीस. आईला तर नाहीच." मी शपथ घेतली नाही. पण नाहीही म्हटलं नाही, आणि आमच्या घरात माझं तेवढंच पुरायचं.

आईचा फोन दिवसाआड असायचा. पहिला प्रश्न तोच.

"हात कसा आहे त्याचा?"

"बरा आहे. जरा अवघडलाय."

"अवघडलाय म्हणजे? बर्फ लावत असतील ते. बर्फ अजिबात लावू द्यायचा नाही, गारठा हाडात बसतो. तू मिठाचा शेक दे. जाडं मीठ घे, सुती कपड्यात पुरचुंडी बांध, तव्यावर गरम कर. आधी तिळाचं तेल चोळ."

"इथे जाडं मीठ कुठे मिळणार?"

"शोधलंस तर मिळेल. तेवढ्यासाठीच गेलीयेस ना?"

मिळालं. आइस्क्रीमच्या मशिनमध्ये घालायला विकतात ते, पाच पौंडांची पिशवी. त्याला दोन वाजता स्टेडियमवर पोहोचायचं असायचं. एकला मी तवा ठेवायची. जुन्या पंच्याचा तुकडा होता, त्यात मीठ. तो टेबलावर हात आडवा ठेवायचा, मी आधी तेल लावायची, मग पुरचुंडी तव्यावर, मग कोपरावर, पुन्हा तव्यावर. वीस मिनिटं. तो डोळे मिटून असायचा. एकदा म्हणाला, "टू बी ऑनेस्ट, हेच एक चांगलं वाटतं दिवसभरात." ते ऐकून मला आनंद झाला होता. तो आनंद मला अजून आठवतो आणि नकोसा वाटतो.

शेकाने हात बिघडला असं डॉक्टर पुढे म्हणाले नाहीत. मी विचारलं होतं, स्वतःहून. ते म्हणाले, आतली दोरी फेकून फेकूनच तुटत आली होती. शेकाने दुखणं थोडं उतरलं असेल. म्हणजे एवढंच की रोज दुपारी मी त्याचा हात संध्याकाळी फेकण्यापुरता तयार करून देत होते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ट्रेनर जाळीपाशी आला. उंच, उन्हाने भाजलेला, पन्नाशीचा माणूस. त्याने टोपी काढली. माझ्याशी बोलताना टोपी काढणारा त्या गावात तो एकटाच.

"तुझा भाऊ नीट झोपतो ना?" त्याने विचारलं.

"हो."

"जेवतो?"

"हो."

"हाताबद्दल काही बोलतो घरी?"

त्याच्या मागे मैदानावर पाणी मारत होते. भाऊ लांबवर, कुंपणाजवळ पळत होता. त्याचं आमच्याकडे लक्ष नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "ही इज फाइन."

तो म्हणाला, "गुड. तू सांगतेस म्हणजे असेल." कमी बोलणारं माणूस खरंच बोलत असणार, असं लोक धरून चालतात. मला आयुष्यात त्याचा फायदा फार झालाय.

पुढची पाळी शुक्रवारी होती. तिसऱ्या इनिंगमध्ये त्याने एक बॉल टाकला तो बॅट्समनच्या, कॅचरच्या, सगळ्यांच्या डोक्यावरून जाळीवर येऊन आदळला, माझ्या तोंडासमोर. लोक हसले, कोणीतरी शिट्टी मारली. भाऊ तिथेच उभा होता. डावा हात त्याने उजव्या हातात धरला होता, दुसऱ्या कोणाची वस्तू धरावी तसा. कोच धावत आला, ट्रेनर आला. भावाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याने जाळीकडे पाहिलं, जिथे मी बसायची तिकडे. ट्रेनरनेही मग तिकडेच पाहिलं.

ट्रेनर पुन्हा माझ्याशी बोलला नाही. टोपीही काढली नाही.

हॉस्पिटलमधून भावाने घरी फोन केला, मी शेजारी बसले होते. त्याचा हात खांद्यापासून बांधलेला होता. पलीकडून आईचं रडणं मलाही ऐकू येत होतं. ती विचारत होती, असं अचानक कसं झालं, काही दुखत नव्हतं का. भाऊ मग म्हणाला, "दुखत होतं. ताईला माहीत होतं."

तो खोटं बोलला नाही. फोन माझ्याकडे आला तेव्हा पलीकडे बाबा होते. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू होतीस ना गं तिथे?"

टेक्ससचा पोरगा वर गेला. मी दोन खोल्या आवरल्या, कुकर-तवा बांधला. उरलेलं मीठ लाँड्रीवाल्या बाईंनी हिवाळ्यात पायरीवरच्या बर्फावर टाकायला ठेवून घेतलं. भावाचं ऑपरेशन झालं, मनगटातली तशीच एक दोरी काढून कोपरात बसवली. वर्षभर तो घरी होता. हात बांधलेला असेपर्यंत त्याला सही करता येत नव्हती, फॉर्म मी भरायची. उजव्या हाताने लिहायला शिकवू का, असं मी एकदा म्हटलं, मला अनुभव आहे. ते त्याला विनोदी वाटलं नाही. मलाही नव्हतं वाटलं. त्यानंतर तो परत गेला, दोन वसंत ऋतू फेकून पाहिलं. बॉल जायचा, पण तो पायाशी बुडणारा बॉल आता बुडत नव्हता. एका सकाळी त्याला ऑफिसात बोलावलं, दार लावलं, आणि तीन मिनिटांत तो बाहेर आला, क्लबमधूनही. हे त्याने आईला सांगितलं. मला आईने सांगितलं.

आई मला कधी समोरासमोर बोलली नाही. दुसऱ्यांना सांगायची, माझ्यादेखत. "हिला सगळं माहीत होतं. पण ही तोंड उघडेल तर शपथ." बर्फाचं ती कधी बोलली नाही, मिठाचंही नाही. शपथ घ्यायला कोण म्हणालं होतं हेही कोणी काढलं नाही. मीही काढलं नाही. मला एका विमा कंपनीत नोकरी लागली, आकड्यांचीच, आणि मी वेगळी राहायला लागले.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सगळे त्याच्याकडे जमलो होतो, पूर्व किनाऱ्याजवळच्या ॲशबर्नला. कॉलेज उशिरा पूर्ण करून आता तो तिथे एका डेटा सेंटरमध्ये काम करतो. अठ्ठावीस वर्षांचा आहे, चाळिशीचा वाटतो. बाहेर बर्फ होता. दुपारी जेवण झाल्यावर त्याने कोपर चोळलेलं आईने पाहिलं.

"थंडीने दुखतंय का रे? थांब." आणि मग माझ्याकडे न बघता, "तवा ठेव गं."

मी तवा ठेवला. मीठ तिने सोबत आणलं होतं. त्याने टेबलावर हात आडवा ठेवला. कोपरावरचा व्रण आता पांढरा, रुंद झालाय. आई दुसऱ्या खोलीत गेली तेव्हा तो म्हणाला, "ती वही आहे अजून? सगळे बॉल लिहायचीस ती?"

"का?"

"सहज. बघावंसं वाटलं. त्या सीझनला मी चांगला होतो ना? कोणीतरी लिहून ठेवलं असेल तर..."

"चांगला होतास."

"मग आहे?"

"घर बदलताना गेली," मी म्हटलं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.

वही माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. त्याला द्यायला हरकत नव्हती, तो खरंच चांगला होता आणि ते त्यात आहे, बॉलमागून बॉल. पण शेवटचा रकाना काय आहे, हे त्याने विचारलं असतं. 'व' संपून 'ख' कुठे सुरू होतो ते कोणालाही दिसेल, तारखेसकट. किल्लीच्या त्या रविवारच्या दोन आठवडे आधीपासून 'ख' आहे. तेव्हा माझ्याकडून कोणी वचन घेतलेलं नव्हतं. पाच हजार डोळे, कोच, ट्रेनर, वेग मोजायची गन, आणि दुखणाऱ्या हाताचं कोपर खाली आलंय हे एकटी मी बघत होते. मी पेन घेऊन नीट अक्षरात 'ख' लिहिला, खाली पुन्हा 'ख', आणि ते फक्त मला दिसतंय याचं मला बरं वाटलं होतं.

पुरचुंडी गरम झाली होती. मी ती त्याच्या कोपरावर ठेवली. त्याने डोळे मिटले.